भिंतीत धरलेलं पाणी

राजापूर-लांज्याकडच्या सड्यावर घर असेल आणि अंगणात तळं खणायचं मनात आलं, तर पहिल्या हातभरातच पहार ठणकते. वर वीतभर माती आणि खाली जांभ्याचा अखंड कातळ. पुण्यात टेकडीच्या उताराला मुरूम लागतो, मुरमाखाली काळा दगड. मराठवाड्यात आणि विदर्भात अडचण उलटी असते. तिथली काळी माती हवी तेवढी खणता येते, पण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्या भेगांमध्ये अख्खा हात जातो. शहरातल्या बंगल्याच्या आवारात जमिनीखालून पाण्याची लाइन, ड्रेनेजचा पाइप आणि विजेची केबल गेलेली असते आणि ती नेमकी कुठून गेली हे घरातल्या कुणालाच आठवत नसतं. अशा सगळ्या ठिकाणी तळं जमिनीच्या वर, भिंती बांधून करणं शहाणपणाचं ठरतं.

त्याचे फायदे लगेच दिसतात. कट्ट्यावर बसून हात पाण्यात घालता येतो. गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना वाकावं लागत नाही. पावसात अंगणातलं गढूळ पाणी, माती आणि पालापाचोळा वाहत तळ्यात येत नाही. रांगतं मूल सरळ चालत पाण्यात जात नाही. पण या फायद्यांची किंमत मोजावी लागते. खणलेल्या तळ्याच्या चारी बाजूंना जी माती असते ती गुपचूप तीन कामं करत असते: पाण्याचा रेटा पेलते, पाणी थंड ठेवते आणि बेडूक-किड्यांना ये-जा करायला वाट देते. तळं वर उचललं की ही तिन्ही कामं बांधणाऱ्याच्या अंगावर येतात. बहुतेक जण फक्त गळतीची चिंता करतात. गळती थांबवणं आज सर्वांत सोपं आहे. खरं लक्ष या तीन कामांकडे द्यायला हवं.

हिशेबासाठी आपण एक तळं धरून चालू. आतून आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि त्यात दोन फूट पाणी. मध्यम घराच्या मागच्या अंगणात सहज मावेल असं. त्यात ८० घनफूट पाणी बसतं, म्हणजे सुमारे २,२६५ लिटर. वजन सव्वादोन टनांहून थोडं जास्त.

सव्वादोन टन ऐकून माणूस आधी जमिनीची काळजी करतो. जमीन खचेल का? प्रत्यक्षात हे वजन ४० चौरस फुटांवर पसरलेलं असतं. दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६१ ग्रॅम. अंगणात अनवाणी उभा राहिलेला माणूस आपल्या तळव्यांखालच्या जमिनीवर याच्या दुपटीहून जास्त दाब देतो. तेव्हा साध्या घट्ट जमिनीला हे वजन काहीच नाही. धोका असतो तो एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बसण्याचा. तळ्याचा अर्धा भाग जुन्या भरावावर आणि अर्धा मूळ जमिनीवर आला, की पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला तिरकी चीर पडते. काळ्या मातीत हे हमखास घडतं. म्हणून तिथे तळ्याच्या मापापेक्षा सगळीकडून फूटभर जास्त जागा घेऊन दीड-दोन फूट काळी माती काढून टाकावी आणि त्या जागी मुरूम भरावा. भरताना सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकावं आणि मगच पुढचा थर टाकावा. वर दगडाचं सोलिंग आणि चार इंच काँक्रीट. हे काँक्रीट घुशींसाठीही लागतं. घूस खालून बीळ करत आली तर तळ्यात आतून घालायच्या अस्तराचा प्लास्टिक कागद कुरतडायला तिला एक रात्र पुरते. कातळावर यातलं काही नको. दगड तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करायचा आणि काँक्रीटचा पातळ थर देऊन पातळी काढायची.

आता भिंत. इथे मी जरा थांबणार आहे, कारण उचललेली तळी फसतात ती इथेच.

पाणी तळावर जसं दाबतं तसंच बाजूलाही दाबतं. बाजूचा दाब वरच्या कडेला शून्य असतो आणि खाली जाऊ तसा वाढत जातो. गंमत अशी, की हा दाब फक्त खोलीवर ठरतो, तळं किती लांब-रुंद आहे यावर नाही. दोन फूट खोल हौद असो की दोन फूट खोल सरोवर, फूटभर लांबीच्या भिंतीवर रेटा तेवढाच, सुमारे ५७ किलो. आपल्या आठ फुटी भिंतीवर तो साडेचार क्विंटल होतो. हा रेटा रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू राहतो.

आता कुणी म्हणेल की दोन फुटांऐवजी चार फूट खोल करू, मासे मोठे ठेवता येतील. खोली दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्याच भिंतीवर अठरा क्विंटल. शिवाय हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटल्यासारखा लागतो, आणि खोलीबरोबर ती जागाही वर सरकते. त्यामुळे भिंत उलथवण्याची ताकद आठपट होते. म्हणून घरच्या घरी, गावातल्या गवंड्याकडून बांधायच्या तळ्याला दोन फूट पाणी ही मर्यादा मी पक्की मानतो. त्याहून खोल हवं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळईचं ड्रॉइंग करून घ्यावं, किंवा फूटभर जमिनीत उतरून वर दोन फूट उचलावं.

दोन फुटांनाही कुठली भिंत पुरते? बागेतल्या कुंडीकट्ट्याला बांधतात तशी चार इंची भिंत अनेक ठिकाणी बांधलेली दिसते. ती किती अपुरी आहे हे हिशेबच सांगतो. नऊ इंची विटांची अडीच फूट उंच भिंत फुटाला सुमारे १०० किलो भरते. ती केवळ स्वतःच्या वजनावर उभी आहे असं धरलं, तर दोन फूट पाण्याचा रेटा तिला उलथवायला जेवढा जोर लावतो, जवळजवळ तेवढ्याच जोरानं ती विरोध करते. म्हणजे नऊ इंची भिंतसुद्धा वजनाच्या हिशेबात काठावर पास होते. चार इंची भिंतीचा विरोध त्याच्या पाव हिश्शाचा. अशा भिंती तरीही काही वर्षं उभ्या राहतात त्या सिमेंटच्या पकडीवर आणि कोपऱ्यांच्या आधारावर. कोपऱ्यापासून सर्वांत लांब असतो तो लांब भिंतीचा मध्य, आणि पोट सुटतं ते तिथेच. वरच्या थरातून दोरी ताणून पाहिली तर मधला भाग बाहेर आलेला बोटभर अंतरावरून कळतो.

म्हणून नऊ इंची भिंत, चारी कोपऱ्यांत सांधमोड नीट साधलेली, पहिला थर तळाच्या काँक्रीटमध्ये बसवलेला. दर तीन-चार थरांनी आठ एमएमच्या दोन सळया चारी भिंतींतून अखंड फिरवायच्या, कोपऱ्यात वाकवून. आणि सगळ्यात वर तीन इंचांचा काँक्रीटचा पट्टा. लांब भिंतींच्या मध्यावर बाहेरून विटांचा टेकू दिला तर उत्तमच. त्याच्या माथ्यावर कुंडी ठेवायला जागा होते. कोकणात जांभ्याचा चिरा हाताशी असताना विटा आणायचं कारण नाही. चिरा रुंद असतो, जड असतो, दिसायला देखणा असतो. तो पाणी पितो हा त्याचा दोष, पण पाणी अडवायचं काम आपण त्याच्याकडे देणारच नाही.

गोल तळ्याची गोष्ट वेगळी. गोलाकार भिंतीवरचा रेटा तिला उलथवत नाही, चहूबाजूंनी ताणतो, आणि ताण पेलायला सळईसारखं दुसरं काही नाही. विहिरीसाठी किंवा शोषखड्ड्यासाठी सिमेंटच्या ज्या तयार रिंगा मिळतात त्यांच्यात सळईचं कडं असतंच. तीन-चार फूट व्यासाच्या दोन रिंगा काँक्रीटच्या तळावर एकावर एक ठेवून सांधा भरला की लहान तळं दोन दिवसांत उभं राहतं. ज्यांना भिंत बांधायची धास्ती वाटते त्यांनी निःशंक या वाटेनं जावं. एका कमळाला अशी एक रिंग भरपूर होते.

गच्चीचा विषय इथेच संपवतो, कारण तो याच हिशेबाचा आहे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला १५० किलो भार येईल असं धरून स्लॅब आखण्याची आपल्याकडची मानक पद्धत आहे. दोन फूट पाण्याचा भार ६१० किलो होतो, चौपटीहून जास्त, आणि त्यात भिंतींचं वजन धरलेलंच नाही. जमिनीला न जाणवणारं वजन स्लॅबला मोडू शकतं. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठा हौद प्रशस्त दालनाच्या डोक्यावर आहे, हौदाचा तळ हेच दालनाचं छत. पण खाली उतरून पाहिलं तर ते छत जाडजूड खांबांच्या रांगांवर तोललेलं दिसतं. आपल्या गच्चीखाली हॉल आणि बेडरूम असतात. गच्चीवर अर्ध्या फुटाची उथळ पसरट कुंडी, तीही तुळई किंवा कॉलमच्या जवळ, आणि सोसायटी असेल तर लेखी परवानगीनंतर. इतकंच.

भिंत उभी राहत असताना एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं: पातळी. जमिनीतल्या तळ्याची कड थोडी वर-खाली असली तर झाडाझुडपात लपते. उचललेल्या तळ्यात पाणी स्वतःच पाणसळ होऊन बसतं आणि आठ फुटांत इंचभराची चूक रोज डोळ्यांसमोर राहते, कारण एका टोकाला पाणी कडेला टेकतं आणि दुसऱ्या टोकाला अस्तराची काळी पट्टी उघडी पडते. गवंडी यासाठी पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी भरून एक टोक स्वतःकडे, दुसरं मदतनिसाच्या हातात. अनुभवी गवंडी मोजायला जाण्याआधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरतो. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं नाही तर नळीत कुठेतरी बुडबुडा अडकलाय हे तो ओळखतो, नळी झटकतो, बोटानं टिचक्या मारत बुडबुडा वर आणतो आणि मगच कोपऱ्यांवर पेन्सिलची खूण करतो. चारही कोपऱ्यांच्या खुणा झाल्यावर पहिल्या कोपऱ्याची खूण पुन्हा तपासून पाहणारा गवंडी मिळाला तर त्याला पुढच्या कामालाही बोलवावं.

याच वेळी ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीत बसवून घ्यायचा. दोन इंची, कडेच्या तीन-चार इंच खाली, तोंडाला जाळी. उचललेल्या तळ्यात फक्त त्याच्या डोक्यावर पडेल तेवढाच पाऊस येतो, तरीही १०० मिलिमीटर पाऊस झाला की आपल्या तळ्यात ३७० लिटर पाणी वाढतं. त्याला जायला वाट नसेल तर ते कडेवरून, भिंत आणि अस्तराच्या मधून उतरतं आणि आतून भिंत भिजवत राहतं. पाइपाचं पाणी केळीच्या किंवा अळवाच्या आळ्यात सोडावं.

मग पाणी अडवायचं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आणलं आणि पेठापेठांतल्या, वाड्यांमधल्या हौदांमध्ये सोडलं. त्या काळातल्या हौदांचं बांधकाम चुन्याचं. चुना सिमेंटपेक्षा लवचीक असतो, बारीक चीर पडली तर तीत झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना उतरतो आणि ती कालांतरानं बुजतेही. आजचा सिमेंटचा गिलावा कडक आहे. उन्हात तापलेली आठ फुटी भिंत दुपारी ताणते, पहाटे आकसते. फरक मिलिमीटरच्या आतला असतो, पण वर्षभरात गिलाव्याला केसासारख्या चिरा पडायला तो पुरतो. वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळून, कोपऱ्यात गोल वाटा मारून, वरून घोटून केलेला गिलावा चांगला टिकतो हे खरं. तरी माझा कौल अस्तराला आहे. भिंतीनं रेटा पेलावा, कागदानं पाणी अडवावं. दोन कामं दोघांना वाटून दिली की भिंतीला चीर पडली तरी तळं गळत नाही.

आणि हा कागद महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर शेततळ्याचा प्लास्टिक कागद तालुक्याच्या बाजारपेठेत ओळखीचा झाला आहे. ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद घ्यावा. ताडपत्री घेऊ नये, ती दोन उन्हाळ्यांत विटते. लांबीचं माप असं काढायचं: तळ्याची लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही कडांना एकेक फूट. आपल्या तळ्याला १४ फूट बाय ११ फूट. कागदाखाली तळावर आणि भिंतींना मऊ थर हवा, नाहीतर सिमेंटचा एखादा खडबडीत कण पाण्याच्या वजनाखाली सुईचं काम करतो. जुने फ्लेक्स यासाठी उत्तम. गावोगावच्या चौकांत उतरवलेले असतात, दुहेरी अंथरले की झालं. गोणपाट नको, ते कुजतं. हा कागद जरा ताठ असतो, म्हणून दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवला की नरम पडतो. कोपऱ्यातला सगळा फुगीर भाग एकाच मोठ्या चुणीत गोळा करून ती चूण भिंतीला चिकटून दाबावी. लहान लहान दहा चुण्या केल्या तर प्रत्येकीत गाळ साचतो. पाणी अर्धं भरल्यावर कागद आपोआप जागेवर बसतो. तोवर वरच्या कडा कापायची घाई करू नये.

कागदाचा खरा शत्रू ऊन. पाण्याखालचा भाग वर्षानुवर्षं टिकतो, पाण्याच्या रेषेवरचा उघडा पट्टा आधी जातो. त्यावर उपाय म्हणून कागद भिंतीच्या माथ्यावर वळवून त्यावर शहाबादी किंवा कडप्पा फरशी बसवावी, आतल्या बाजूला इंच-दीड इंच बाहेर आलेली. तिच्या सावलीत कागदाची कड झाकली जाते. फरशी फूटभर रुंद घेतली तर बसायला कट्टा होतो. बसवताना सिमेंटचा माल पाण्यात पडू देऊ नये. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे टिकत नाहीत. ज्यांनी अस्तराऐवजी गिलावाच केला असेल त्यांना तर ही अडचण पुरेपूर भोगावी लागते. त्यांनी दोन-तीन वेळा तळं पूर्ण भरून, आठवडाभर ठेवून, उपसून टाकावं. नव्या टाक्यात केळीच्या खुंटाचे तुकडे भिजत टाकण्याची मासे पाळणाऱ्यांची जुनी रीत आहे. शेवटी मात्र पीएचची पट्टी बुडवून पाहावी आणि आकडा साडेआठच्या खाली आल्याशिवाय कुठलाही जीव सोडू नये.

दुसरं काम गारव्याचं. जमिनीतल्या तळ्याला चारी बाजूंनी मातीचा थंडावा असतो. उचललेल्या तळ्याच्या भिंती उन्हात उघड्या असतात आणि पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत भाजून निघते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही खाली. त्याच वेळी उष्णतेनं माशांचा श्वास वाढलेला असतो, म्हणजे गरज जास्त आणि पुरवठा कमी. सर्वांत कठीण वेळ दुपारची नसते, पहाटेची असते. दिवसा पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याही तोच वापरतात. पहाटे साडेपाचला मासे पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळताना दिसले, तर पाणी तापतंय किंवा तळ्यात मासे जास्त झालेत असं समजावं.

उपाय जागा निवडतानाच सुरू होतो. कुमुदाला रोज पाच-सहा तास ऊन हवं, ते सकाळचं मिळेल आणि दुपारनंतर घराची किंवा झाडाची सावली येईल अशी जागा शोधावी. चिंचेखाली किंवा पिंपळाखाली मात्र नको, गळणारा पाला तळ्यात कुजून ऑक्सिजन खातो. सावली नसेल तर पश्चिमेच्या भिंतीबाहेर दाट कुंड्या लावाव्यात किंवा चार इंचांची पोकळी सोडून चिऱ्याची दुसरी भिंत उभी करावी. मधली हवा उष्णता अडवते. आणि पाण्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकलेला असावा. त्यानं बाष्पीभवनही घटतं. उघड्या पाण्यातून मे महिन्यात, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं. आपल्या तळ्यातून म्हणजे ३७ लिटर. पाणी कमी झालं की लोकांना गळतीची शंका येते. तळ्याशेजारी एक भरलेली बादली ठेवावी. दोन दिवसांत बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच तळ्यातलं उतरलं असेल, तर ते वाफेनं गेलंय. ज्या गावात आठवड्यातून एकदा टँकर येतो तिथे हे तळं बांधू नये, त्या ३७ लिटरांची किंमत तिथे फार आहे.

पाणी भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते हिरवं होतं. मटारच्या सुपासारखं. घाबरून सगळं पाणी काढून टाकलं की नवं पाणी पुन्हा हिरवं होतं, आणि हे चक्र थांबत नाही. धीर धरावा. माशांच्या विष्ठेतला आणि कुजणाऱ्या पाल्यातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तळ्याच्या भिंतींवर, कुंड्यांवर वस्ती करायला महिना-दीड महिना घेतात. ते नायट्रेट झाडं खातात, झाडांची पानं ऊन अडवतात, आणि शेवाळ उपाशी राहून ओसरतं. एखाद्या जुन्या, निरोगी तळ्यातलं बादलीभर पाणी आणि मूठभर गाळ टाकला तर ही वस्ती लवकर होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून रोजची भर घालताना पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मग ओतावं.

झाडं थेट तळावर माती पसरून लावू नयेत, घमेल्यात लावावीत. शेतातली चिकण माती, त्यात शेणखत अजिबात नाही, वर दोन बोटं जाडीचा वाळूचा थर. शेणखत हलकं होऊन तरंगतं आणि शेवाळाला मेजवानी देतं. कुमुदाचं घमेलं आधी विटांवर ठेवून नव्या पानांना पृष्ठभाग गाठू द्यावा, मग एकेक वीट काढत खाली उतरवावं. पांढरं आणि लाल कुमुद संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईतो मिटतं. निळं दिवसा उमलतं. घरातली माणसं सकाळी बाहेर पडून दिवेलागणीला परतत असतील तर त्यांनी पांढरंच लावावं, निळं त्यांना रविवारीच दिसेल. कडेला वेखंड चांगला. पाण्याखाली हायड्रिला किंवा वॅलिसनेरियाची एखादी जुडी. पाणकणीस दिसायला झोकदार असतं, पण त्याच्या जमिनीखालच्या कोंबांची टोकं अस्तर भोसकू शकतात. आणि जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. मुळा-मुठेपासून पंचगंगेपर्यंत आपल्या नद्यांची तिनं काय दशा केली आहे हे आपण पाहतोच.

डासांचं काय, हा प्रश्न शेजारी पहिल्याच दिवशी विचारतात आणि तो रास्त आहे. शहरी मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्साय स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि डेंगीच्या एडिसला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तळं हिरवं असलं, जिवाणूंची वस्ती पुरती झाली नसली, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतच चार-पाच टणक मासे सोडावेत. गिलाव्याचं तळं असेल तर अर्थातच पीएच पाहून, आणि नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन उडून गेल्यावर. पालिकांचे आणि जिल्ह्यांचे हिवताप विभाग गप्पी मासे बऱ्याच ठिकाणी मोफत देतात. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. आपल्या ओढ्यांत राहणारा देशी किलीफिश, ज्याच्या डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असतो, तो हे काम तितक्याच तत्परतेनं करतो. पृष्ठभागालगत फिरतो, डासांच्या अळ्या टिपतो. मिळाला तर त्यालाच पसंती द्यावी. दोन्हींना वेगळं खाद्य घालायची गरज नाही. पोट भरलेला मासा अळ्यांच्या मागे लागत नाही. शोभेचे मोठे मासे या आकाराच्या तळ्यात कोंडू नयेत. आणि कासव तर नकोच. वास्तूसाठी म्हणून ते आणून सोडण्याची टूम निघाली आहे, पण देशी कासव पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बाजारातलं परदेशी लाल कानांचं कासव पुढे मोठं होऊन नदीत सोडलं जातं ते देशी कासवांच्या मुळावर येतं.

तिसरं काम वाटेचं. चतुर आणि टाचण्या उडत येतात, त्यांना भिंतीची अडचण नाही. त्यांच्या अळ्या पाण्याखाली राहून डासांच्या अळ्या खातात, तेव्हा वेखंडाच्या उभ्या पात्यावर त्यांची रिकामी कात चिकटलेली दिसली तर तळं रुजलं असं समजायला हरकत नाही. बेडकांपैकी झाडावरचा बेडूक गुळगुळीत गिलाव्यावरही बोटांच्या टोकांच्या चकत्यांनी चढतो. पहिल्या पावसानंतर पाण्यावर झुकलेल्या पानाला किंवा फरशीच्या खालच्या कडेला मुठीएवढा पांढरट फेस चिकटलेला दिसेल. मादीनं मागच्या पायांनी घुसळून केलेलं ते घरटं. वरून ते सुकतं आणि पापुद्रा धरतं, आत ओल टिकते. काही दिवसांनी खालची बाजू विरघळते आणि बेडकांची पिल्लं थेंबाथेंबानं पाण्यात टपकतात. तो फेस घाण समजून पाइपनं धुऊन टाकू नये. जमिनीवरच्या बेडकांना मात्र चढता येत नाही, आणि पाण्यात पडलेल्या सरड्याला, उंदराला, खारीला बाहेर पडता येत नाही. आत एका कोपऱ्यात विटा पायऱ्यांसारख्या रचाव्यात, वरची वीट पाण्याबाहेर येईल अशा. बाहेरून भिंतीला दगडांचा उतार लावावा. चिमण्या-बुलबुलही त्याच पायरीवर अंघोळीला उतरतात.

दगडांचा तो उतार घरात लहान मूल असेल तर काढून ठेवावा लागतो. अडीच फुटांची भिंत रांगत्या बाळाला अडवते, तीन वर्षांच्या मुलाला अडवत नाही. शेजारी ठेवलेली कुंडी किंवा स्टूल त्याची पायरी होते. पृष्ठभागाच्या दोन इंच खाली वेल्डेड जाळी चौकटीवर बसवावी. कुमुदाची पानं तिच्या भोकांतून वर येतात, जाळी महिनाभरात दिसेनाशी होते. मूल मोठं होईस्तोवर ती काढू नये, आणि जाळी असली तरी मुलाला तिथे एकटं सोडू नये.

यापुढे काम थोडं उरतं. पिवळी पानं आठवड्याला काढणं, मृग लागण्याआधी ओव्हरफ्लोची जाळी धुणं, दिवाळीनंतर तळाचा गाळ बादलीनं काढून तो गुलाबाला घालणं. दुसऱ्या उन्हाळ्यात कुमुदाच्या घमेल्यात गड्डे दाटतात आणि फुलं कमी येतात. फाल्गुन-चैत्रात घमेलं बाहेर काढून गड्डे वेगळे करावेत, कोंब असलेला एक ताज्या मातीत लावावा, बाकीचे ओल्या फडक्यात गुंडाळून ज्यांना हवेत त्यांना द्यावेत. तळ्यातली जास्तीची झाडं आणि गप्पी नाल्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. झाडं उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये टाकावीत, मासे दुसऱ्या तळ्यासाठी कुणाला तरी द्यावेत.